लॉर्ड रॅले: फोनचा सिग्नल का गायब होतो याचं गणित १८८० मध्येच मांडणारा माणूस

तुमच्या घरात अशी एक जागा नक्की असेल. तिथे उभं राहून बोलत असताना आवाज तुटतो, समोरचा हॅलो हॅलो करत बसतो, आणि तुम्ही जेमतेम वीतभर बाजूला सरकलात की सगळं पुन्हा व्यवस्थित. टॉवर तोच, फोन तोच, रिचार्जही संपलेला नाही. मग वीतभर अंतरात असं काय बदललं?

याचं उत्तर शोधायला वायरलेसच्या पुस्तकात गेलात तर दर दोन पानांआड एक नाव भेटतं: रॅले. रॅले फेडिंग, रॅले चॅनेल, रॅले वितरण. मजा म्हणजे या माणसाने आयुष्यात मोबाईल पाहिला नाही. त्याने हे गणित मांडलं तेव्हा रेडिओ लहरी प्रयोगात कोणी सिद्धही केल्या नव्हत्या. त्याच्या डोक्यात होता आवाज. आज त्याचीच गोष्ट बघू, आणि जाता जाता तुमच्या फोनमध्ये एकापेक्षा जास्त अँटेना का असतात तेही.

रॅले हे खरं तर नाव नाही, पदवी आहे. माणसाचं नाव जॉन विल्यम स्ट्रट. जन्म १२ नोव्हेंबर १८४२, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात. घराणं जमीनदार, वडील दुसरे बॅरन रॅले. म्हणजे पोटापाण्याची चिंता जन्मापासूनच नव्हती. चिंता होती ती तब्येतीची. ईटन आणि हॅरो या दोन्ही नामांकित शाळांत त्याला घातलं, पण आजारपणामुळे एकाही ठिकाणी तो टिकला नाही. शेवटी एका पाद्री शिक्षकाकडे खासगी शिक्षण झालं. १८६१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला आणि १८६५ मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिला आला. तिथे पहिल्या येणाऱ्याला सीनियर रँग्लर म्हणतात. आपल्याकडे रँग्लर परांजपे म्हणतात ना, ते १८९९ मध्ये याच परीक्षेत पहिले आले होते.

त्या काळी लॉर्डाच्या मुलाने प्रयोगशाळेत हात काळे करणं फारसं प्रतिष्ठेचं समजत नसत. शिकार करावी, पार्लमेंटात बसावं, इस्टेट बघावी. याने इस्टेटीवरच्या टर्लिंग या घरातच प्रयोगशाळा थाटली. १८७३ मध्ये वडील गेले, पदवी आणि सात हजार एकरांच्या आसपास जमीन त्याच्याकडे आली. तीन वर्षांत त्याने सगळा कारभार धाकट्या भावाकडे सोपवला आणि स्वतः मोकळा झाला. श्रीमंती होती म्हणून हे जमलं, हे कबूल करायलाच हवं. पण तेवढीच श्रीमंती असलेले त्याच्या वर्गातले बाकीचे लोक काय करत होते, तेही बघायला हवं.

१८७१ हे वर्ष त्याच्यासाठी मोठं. त्या वर्षी त्याचं एव्हलिन बॅल्फरशी लग्न झालं. तिचा भाऊ आर्थर बॅल्फर पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्याच वर्षी आकाश निळं का दिसतं याचं गणित त्याने प्रसिद्ध केलं: हवेतले सूक्ष्म कण तांबड्यापेक्षा निळा प्रकाश कितीतरी जास्त विखुरतात. शाळेच्या पुस्तकातलं प्रकाशाचं विकिरण ते हेच. पुढच्याच वर्षी सांध्यांच्या तापाने त्याला पार आडवं केलं. हवापालट म्हणून नवराबायको इजिप्तला गेले, नाईल नदीत बोटीवर राहिले. आपण अशा वेळी रील्स बघत बसलो असतो. याने त्या बोटीवर ध्वनिशास्त्रावरचा ग्रंथ लिहायला घेतला. द थिअरी ऑफ साउंड या नावाने त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये आले. आजही तो ग्रंथ छापला जातो.

१८७९ मध्ये मॅक्सवेल वारला. विद्युतचुंबकीय लहरींचं गणित मांडणारा तोच तो मॅक्सवेल. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतली त्याची खुर्ची रॅलेकडे आली. १८८४ पर्यंत तो तिथे होता. या पाच वर्षांत त्याने ओहम आणि अँपिअर या एककांची मोजणी इतकी काटेकोर केली की वीज कंपन्यांना आणि तारखात्याला भरवशाचा पाया मिळाला. या कामात त्याच्या बरोबरीने राबली त्याची मेहुणी एलिनॉर सिजविक. ती नुसती मदतनीस नव्हती, शोधनिबंधांवर तिचं नाव आहे. १८८२ मध्ये कॅव्हेंडिशचे वर्ग मुलींसाठी मुलांच्या बरोबरीने खुले झाले तेही याच काळात.

आता येतो आपला मुद्दा. १८८० मध्ये रॅलेने एक छोटा निबंध लिहिला. प्रश्न असा होता. समजा एकाच सुरातले, एकाच ताकदीचे शंभर आवाज एकदम वाजतायत. पण प्रत्येकाची लहर वेगळ्या क्षणी वर-खाली होते, त्यात काही ताळमेळ नाही. तर एकूण आवाज किती येईल?

पहिलं उत्तर सुचतं: शंभर वाजतायत म्हणजे तीव्रता शंभरपट. रॅले म्हणाला, सरासरी बघाल तर बरोबर. पण ती सरासरी खूप वेळा प्रयोग केल्यावरची. एखाद्या वेळी काय ऐकू येईल याची काही खात्री नाही. कधी लहरी एकमेकींना साथ देतील, कधी एकमेकींना खाऊन टाकतील आणि जवळजवळ शांतता पसरेल. आणि इथे लोक चुकतात: आवाजांची संख्या शंभरावरून हजारावर नेली, लाखावर नेली, म्हणून ही अनिश्चितता कमी होत नाही. एरवी नाणं जास्त वेळा उडवलं की छाप्यांचं प्रमाण निम्म्याजवळ येतं, तसं इथे काही होत नाही.

कसं ते डोळ्यांसमोर आणू. प्रत्येक लहर म्हणजे एक पाऊल समजा. सगळी पावलं सारख्या लांबीची, पण प्रत्येक पाऊल कुठल्या दिशेला पडेल याचा नेम नाही. शंभर पावलं टाकल्यावर तुम्ही मूळ जागेपासून साधारण दहा पावलांच्या अंतरात कुठेतरी असाल. कुठे, ते सांगता येत नाही. फिरत फिरत पुन्हा सुरुवातीच्या जागेजवळ आलात, तर एकूण लहर जवळपास शून्य. रॅलेने प्रत्येक अंतराची शक्यता किती याचं सूत्र दिलं. ते हे रॅले वितरण.

तुमच्या घरात नेमकं हेच चाललेलं असतं. टॉवर थेट दिसत नाही. सिग्नल समोरच्या बिल्डिंगवर आपटून, पाण्याच्या टाकीवरून, रस्त्यावरच्या ट्रकवरून, जिन्यातून असा वीस वाटांनी येतो. प्रत्येक वाटेची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येक लहर वेगळ्या क्षणी वर-खाली होते. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे फोन तीन-चार सेंटिमीटर हलला तरी लहरींचा सगळा हिशोब बदलतो. टॉवरमध्ये बिघाड नसतो. लहरींनी एकमेकींना खाल्लेलं असतं.

आता या सूत्रातून आकडे काढू, कारण खरी गंमत तिथे आहे. सिग्नलची ताकद सरासरीपेक्षा कमी असण्याची शक्यता किती? निम्मी नाही, ६३ टक्के. म्हणजे सरासरी सिग्नल चांगला आहे असं कोणी सांगितलं तरी बहुतेक वेळा तुम्ही त्या सरासरीच्या खालीच असता. ताकद सरासरीच्या दहाव्या भागाखाली जाण्याची शक्यता साडेनऊ टक्के. शंभराव्या भागाखाली, म्हणजे २० डेसिबलने खाली, जाण्याची शक्यता जवळपास १ टक्का. शंभर जागांपैकी एका जागेवर तुमचा सिग्नल शंभरपट खड्ड्यात.

यावर उपाय काय? टॉवरची पॉवर वाढवा, असं कोणीही म्हणेल. करून बघू. हा १ टक्का कमी करून ०.०१ टक्क्यावर आणायचा असेल तर पॉवर किती वाढवावी लागेल? शंभरपट! विजेचं बिल, बाजूच्या टॉवरला होणारा त्रास, सगळंच शंभरपट. दुसरा उपाय म्हणजे फोनला आणखी एक अँटेना, थोड्या अंतरावर. एक अँटेना खड्ड्यात असताना दुसरीही खड्ड्यात असण्याची शक्यता १ टक्क्याचा १ टक्का, म्हणजे दहा हजारात एक. पॉवर एक पैशाने न वाढवता तेच काम झालं. तिसरी अँटेना लावली तर दहा लाखात एक. याला अँटेना डायव्हर्सिटी म्हणतात.

पण रॅलेला हे माहीत नव्हतं, त्याच्या आयुष्यात परत जाऊ. १८८४ मध्ये प्राध्यापकी सोडून तो टर्लिंगला घरी परतला. साधी उपकरणं, दोऱ्या, लाखेचे तुकडे आणि अफाट चिकाटी. तिथे तो वायूंची घनता मोजत बसला. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियापासून तयार केलेला नायट्रोजन यांच्या वजनात त्याला हजारात एक भागाच्या आसपास फरक दिसला. तुम्ही-आम्ही राउंड ऑफ करून पुढे गेलो असतो. त्याने उलट हा फरक मोठा कसा करता येईल ते पाहिलं, आणि प्रयोग बदलून तो दोनशेत एकपर्यंत नेला. १८९२ मध्ये त्याने नेचर नियतकालिकात जाहीरपणे विचारलं की याचं कारण कोणाला सुचतंय का. अखेर विल्यम रॅम्सेबरोबर उत्तर सापडलं: हवेत जवळपास एक टक्का असा एक वायू आहे जो आजवर कोणी ओळखलाच नव्हता. आर्गॉन. १९०४ मध्ये रॅलेला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, रॅम्सेला रसायनशास्त्राचं. रॅलेने बक्षिसाची रक्कम केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली.

या माणसाबद्दल मला सगळ्यात भावणारी गोष्ट मात्र आर्गॉन नाही. रॉयल सोसायटीच्या जुन्या कागदपत्रांत त्याला जॉन वॉटरस्टन नावाच्या एका माणसाचा १८४५ चा निबंध सापडला. वायूंच्या रेणूंबद्दलच्या त्या कल्पना काळाच्या पुढे होत्या, पण परीक्षकांनी तो निकालात काढला होता. हा वॉटरस्टन बरीच वर्षं मुंबईत नोकरीला होता, तिथे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरच्या तरुणांना शिकवायचा. निबंध त्याने पाठवला तो तिथूनच. रॅलेने तो १८९२ मध्ये छापून आणला आणि वॉटरस्टनवर अन्याय झाला होता हे स्वतःच्या प्रस्तावनेत मान्य केलं. वॉटरस्टन तोवर वारला होता, त्याला याचा काही उपयोग नव्हता. तरी करायचं ते केलं.

आपल्याशी आणखी एक नातं आहे. जगदीशचंद्र बोस केंब्रिजला शिकत होते तेव्हा रॅले त्यांचे शिक्षक होते. पुढे बोस यांनी कलकत्त्यात काही मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी तयार केल्या. त्यांचा निबंध १८९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला तो रॅलेनेच. आज ५जीच्या जाहिरातींत मिलिमीटर वेव्ह हा शब्द येतो, त्या लहरी याच घराण्यातल्या. रॅले स्वतः भारतात येऊनही गेला होता. दार्जिलिंगजवळून शंभर मैलांवरचा एव्हरेस्ट किती उजळ दिसतो याची आठवण त्याने १८९९ च्या निबंधात वापरली, हवेत प्रकाश किती विखुरतो ते तपासायला. लोक तिथे फोटो काढतात, हा हिशोब करत होता.

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे सिग्नल पोचल्याचं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांना प्रश्न पडला: पृथ्वी गोल, लहर सरळ जाणारी, मग पोचली कशी? काहींनी गणित करून दाखवलं की लहर वळते. रॅलेने त्या गणितात चूक दाखवली, नुसत्या वळण्याने एवढं होणार नाही. बरोबर होतं त्याचं. लहर आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परतते हे प्रयोगाने पक्कं झालं ते १९२४ मध्ये, अ‍ॅपल्टनच्या हातून.

१९०५ मध्ये कार्ल पिअर्सनने नेचरमध्ये विचारलं की माणूस कुठल्याही दिशेला सारखी पावलं टाकत गेला तर शेवटी किती अंतरावर असेल. रॅलेने लगेच कळवलं की पावलं खूप असतील तर याचं उत्तर मी पंचवीस वर्षांपूर्वी दिलंय, आवाजाच्या निमित्ताने. पिअर्सनला तो निबंध माहीतच नव्हता. शास्त्रात हे नेहमी होतं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कपाटात पडून असतं.

आणि कान! आपल्याला आवाज कुठून आला हे कसं कळतं याचं त्याला वेड होतं. डोळे मिटून हिरवळीवर उभा राहायचा, चारी बाजूंनी माणसं बोलायची, आणि हा दिशा ओळखायचा. १९०७ मध्ये त्याने मांडलं की उंच सुरांत डोक्याची सावली पडते आणि एका कानाला आवाज कमी येतो. खालच्या सुरांत सावली पडत नाही, तेव्हा मेंदू दोन्ही कानांवर लहर किती मागेपुढे पोचली ते पकडतो. दोन कान म्हणजे डायव्हर्सिटी असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, ते तितकंसं खरं नाही. कान दिशा शोधतात, फोनच्या अँटेना खड्डा चुकवतात. पण एकाच लहरीकडे दोन जागांवरून बघितलं की जास्त कळतं, ही गोष्ट दोन्हीकडे आहे आणि ती त्याने कानांत ओळखली होती.

३० जून १९१९ रोजी टर्लिंगमध्येच रॅले गेला. साडेचारशेच्या आसपास निबंध मागे ठेवून. शेवटची अकरा वर्षं तो केंब्रिजचा कुलपती होता, पण शोधनिबंध लिहिणं शेवटपर्यंत थांबलं नाही.

त्याच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षांत शॉर्टवेव्ह रेडिओ समुद्रापार बोलू लागला आणि सिग्नल सारखा बुडतो-वर येतो ही डोकेदुखी सुरू झाली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रिव्हरहेड इथे आरसीए कंपनीचं रिसीव्हिंग स्टेशन होतं. तिथल्या बेव्हरेज आणि पीटरसन या इंजिनियरांना दिसलं की लांब-लांब उभ्या केलेल्या अँटेनांवर सिग्नल एकाच वेळी बुडत नाही. मग शेकडो फूट अंतरावर तीन अँटेना लावून त्यांचे सिग्नल एकत्र घ्यायची पद्धत त्यांनी बसवली, १९३१ मध्ये तिचा निबंध आला. पुढे १९५२ मध्ये बेल लॅबने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गाडीत रेडिओ ठेवून केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. सिग्नलचे चढउतार रॅलेच्या १८८० च्या सूत्रावर जाऊन बसले.

दोन अँटेना असल्या की त्यांचं करायचं काय, यालाही पर्याय आहेत. सोपा पर्याय: ज्या अँटेनावर सिग्नल जास्त, ती घ्यायची. चांगला पर्याय: दोन्ही घ्यायच्या, लहरी एका तालात आणायच्या, आणि जिथे सिग्नल स्वच्छ तिला जास्त वजन देऊन बेरीज करायची. एक हिशोब देतो. सिग्नल सरासरी नॉइजच्या शंभरपट आहे असं धरा, आणि डेटा पाठवायची सगळ्यात साधी पद्धत, बीपीएसके. सिग्नल स्थिर असता तर चूक जवळपास झालीच नसती. रॅले फेडिंगमध्ये एका अँटेनावर दर ४०० बिटांमागे एक चुकतो. दोन अँटेना वजन देऊन जोडल्या की ५० हजारांमागे एक. एका तारेच्या तुकड्याने एवढा फरक.

मात्र हे सगळं एका अटीवर: दोन्ही अँटेनांचे खड्डे एकमेकांपासून वेगळे हवेत. अँटेना चिकटून असतील तर दोघी एकाच खड्ड्यात पडतात आणि दहा हजारात एकचं स्वप्न तिथेच संपतं. चारी बाजूंनी लहरी येत असतील तर अंतर तरंगलांबीच्या साधारण ०.३८ पट झालं की दोघींचा संबंध तुटतो. वायफायसाठी हे पाच सेंटिमीटरहून थोडं कमी, फोनमध्ये आरामात बसतं. ९०० मेगाहर्ट्झला ते पावणेतेरा सेंटिमीटरच्या आसपास जातं, म्हणून एक अँटेना फोनच्या डोक्याला आणि एक पायाला. टॉवरवर गोष्ट आणखी अवघड. तिथे लहरी चारी बाजूंनी येत नाहीत, एका अरुंद दिशेने येतात, त्यामुळे अंतर तरंगलांबीच्या कितीतरी पट लागतं. म्हणून तिथे अंतराऐवजी एकाच पॅनेलमध्ये दोन तिरक्या अँटेना ठेवतात, एक ४५ अंश उजवीकडे कललेली, एक डावीकडे.

आणि टॉवर थेट दिसत असेल तर? तेव्हा एक लहर बाकीच्यांपेक्षा दांडगी असते, खड्डे उथळ होतात, रॅलेचं सूत्र लागू पडत नाही आणि दुसऱ्या अँटेनाचा हा फायदाही कमी होतो. गच्चीवर जाऊन बोलताना कॉल तुटत नाही तो त्यामुळे. खाली घरात, पडवीच्या त्या कोपऱ्यात मात्र रॅलेचं सूत्र चालूच आहे. फोन आडवा धरून गेम खेळताना दोन्ही हातांखाली वरची आणि खालची अशा दोन्ही अँटेना झाकल्या जातात. पिंग अचानक वाढला तर आधी बोटं सरकवून बघा.